कमानीवरची खोली

अँब्रोज लडकिनचा जीव बायकोपेक्षा सराईच्या कमानीवर जास्त, असं गावातले लोक थट्टेनं म्हणत. त्यात तसं खोटं काही नव्हतं. लंडनची चार घोड्यांची गाडी तो वर्षानुवर्षं बायको चालवत असलेल्या ‘पांढरं हरीण’ सराईच्या कमानीखालून आत घालत आला होता. “डोकी खाली!” अशी आरोळी ठोकायची, छपरावरचे उतारू वाकायचे, आणि गाडी थेट चौकात, पागेच्या दाराशी. मग अर्धांगाचा झटका आला आणि उजवी बाजू गेली.

तेव्हापासून तो कमानीवरच्या खोलीतच पडून असे. खाली गाडी शिरली की फळ्या हलत, पलंग हले, आणि तेवढ्यावरून हा बायकोला सांगे, “हेस्टर, डावा पुढचा लंगडतोय. मोतद्दाराला सांग.” बहुतेक वेळा ते खरं निघे. त्याच्या जगण्यात आता एवढंच उरलं होतं, आणि हेस्टरला ते पक्कं ठाऊक होतं.

हिवाळा सरता सरता गाड्यांच्या मालकाचा माणूस, टिडमार्श, आला. छपरावरच्या एका उतारूचं कपाळ कमानीला सोलवटलं होतं.

“बाई, तुमची कमान खाली आलीय.”

“कमान कशी खाली येईल? तुम्हीच छपरावर ताडमाड माणसं बसवता!”

“ते काही असो. मार्चअखेरपर्यंत उंच करा. नाहीतर गाड्या समोरच्या ‘घंटा’ सराईत थांबतील. त्यांचं फाटक उघडं आहे, वर काही नाही.”

खरं तर रस्ता वर आला होता, आणि त्यात हेस्टरचाच हात होता. दाराशी चिखल नको म्हणून दरवर्षी ती खडीवाल्यांना बियर पाजून चार पाट्या जास्त टाकून घेई. त्या रस्त्यावरची प्रत्येक सराई हेच करी आणि वर स्वतःला हुशार समजे. कमान असलेलीला ते भोवलं, इतकंच.

तिनं जेबेझ मिस्त्रीला बोलावलं. त्यानं कमानीखालून तुळई ठोकून पाहिली, दोन फळ्या उचकटून आत डोकावला आणि परत बसवून टाकल्या.

“हिला हात लावायचा नाही, मालकीणबाई. डावीकडचं घर वेगळं, उजवीकडचं वेगळं. दोन्ही कललीत. मधली ही खोली पाचर मारल्यागत बसलीय म्हणून उभी आहेत. ती सोडवली की दोन्ही एकमेकांच्या गळ्यात पडतील.”

“मग खालची खडी उकरा!”

“उकरेन की. पण तुळई रस्त्याच्या अगदी काठावर आहे. घोडे उतारानं खाली जातील, पण गाडीचं ढुंगण रस्त्यावर उंचच राहील. मागच्या बाकावरच्यांची डोकी नेमकी तेव्हाच तुळईखाली येणार. सगळा रस्ताच खाली घ्यायला हवा.”

ती रस्त्याच्या मंडळाकडे गेली. एका सराईसाठी रस्ता खाली घ्यायचा? त्यांनी तिला चहा दिला आणि वाटेला लावलं. नवऱ्याला तिनं एवढंच सांगितलं, की कमानीची डागडुजी काढलीय. दुसरं काय सांगणार होती?

एप्रिल उजाडला. अँब्रोजनं सकाळीच दाढी करवून घेतली. ठरल्या वेळी गाडीचं शिंग वाजलं, टापा जवळ आल्या. त्यानं डावा हात पलंगाच्या कडेवर ठेवला. फळ्या हलल्या नाहीत. समोरच्या चौकात घोडे सोडल्याचा आवाज आला, कुणीतरी मोठ्यानं हसलं.

“कुठं वळली?”

“समोर. डागडुजी आहे ना, थोडे दिवस.”

“मिस्त्री येऊन गेल्यावर हातोड्याचा एक घाव ऐकला नाही मी, हेस्टर.”

ती त्याचं पांघरूण सारखं करू लागली. आपणच बियर पाजून याचं हे एवढंसं सुख बुजवलं, हे कुठल्या तोंडानं सांगायचं?

“खिडकी लाव,” तो म्हणाला.

तिनं लावली. समोर ताजे घोडे जुंपत होते. साखळ्यांची किणकिण, नव्या गाडीवानाच्या हाका, सगळं आत येत होतं.

“नीट लाव गं.”

“लागलीय हो,” काचेवर दोन्ही तळवे दाबून ती म्हणाली. “पूर्ण लागलीय.”