टणक बी

चिमट्याच्या टोकावरचा दाणा दोन मिलिमीटर लांब, पिवळसर, आणि दहा दिवस ओल्या कागदावर पडून राहिल्यावरही कोरडाच. बशीत असे एकूण शंभर. त्यातले नीट अंकुरलेले एक्याऐंशी, वेडेवाकडे अंकुरलेले चार, कुजलेले सहा, आणि हे नऊ. बेगिमायने दुसऱ्यांदा मोजले, तरी नऊच आले. लसूणघासाच्या बियाण्यात असे काही निघतातच. ते जिवंत असतात, कुजत नाहीत, पण कितीही पाणी दाखवा, आत घेत नाहीत. तक्त्यात त्यांच्यासाठी वेगळा रकाना आहे : टणक. त्यांना मेलेल्यांत धरायचे नाही असा नियम आहे, आणि तो नियम करणाऱ्या अनोळखी माणसाबद्दल तिला गेली चार वर्षे एक प्रकारची कृतज्ञता वाटत आली होती.

तिने आकडे लिहिले. अकरा वाजून दहा मिनिटे. अजून तीन बशा, म्हणजे पन्नास मिनिटे, मग जेवण, आणि मग दोनपासून पाचपर्यंत... काही नाही. दोन ते पाच हे काराकोलच्या त्या बीज-प्रयोगशाळेतले तिचे गुपित होते. सकाळची मोजणी झाली की बिया आपापल्या उबदार कपाटात अंकुरत राहत, त्यांना कोणाची गरज नसे, आणि बेगिमाय खिडकीतल्या तिच्या लोकरीच्या उशीवर बसून समोरचे पॉप्लर, त्यामागचा पत्र्याचा निळा छप्पर-समुद्र आणि त्याच्याही मागचे बर्फ पाहत असे. पाहत असे, एवढेच. हातात मात्र चिमटा धरलेला असायचा, कोणी आत आलेच तर बशीवर वाकायला बरे. तीन तास. दिवसाचे चोवीस धरले तर एक-अष्टमांश. पण तिच्या मते तिचे आयुष्य म्हणावे असे जे काही होते ते सगळे त्या एक-अष्टमांशात मावत होते. बाकीचे सात भाग त्याची किंमत.

नोकरी वाईट होती असे मुळीच नाही. खोली गरम, खुर्ची मऊ, वरिष्ठ सज्जन, पगार पहिल्या तारखेला. तिने याचा नीट विचार केला होता, शिकल्याप्रमाणे एकेक कारण वेगळे काढून. थकवा म्हणावा तर थकत नव्हती. भीती म्हणावी तर चुका होत नव्हत्या. चुकीचा विषय निवडला असावा, असे विद्यापीठातली मैत्रीण म्हणायची, म्हणून मग तिने मनातल्या मनात विषय बदलून पाहिले होते. शिक्षिका. वैमानिक. सरोवरावरच्या हॉटेलची मालकीण. प्रत्येक वेळी पहिली दहा मिनिटे गंमत वाटे आणि अकराव्या मिनिटाला त्या कल्पनेतल्या हॉटेलात चादरी मोजायची वेळ येई. म्हणजे विषयाचा दोष नव्हता. काम या गोष्टीचाच... लहानपणी उन्हाळ्यात मामाच्या तंबूवर, वरच्या कुरणात, घोड्या दोहायच्या असत, दर दोन तासांनी, दिवसातून सहा वेळा, शिंगरू आणायचे, लावायचे, ओढून बाजूला धरायचे, आणि सगळे म्हणत, बघा कशी हवा आहे, कसं गवत आहे! गवत खरेच फार सुंदर होते. पण ते पाहायला सलग दोन तास कोणाकडे होते? हात कामात असले की गवत म्हणजे नुसता चारा होतो, आणि घोडी म्हणजे बादली. मला घोडी बघायची होती... नऊ वर्षांची होते मी, आणि मामी म्हणाली होती, “ही पोर बसली की दगड होते.”

दार धाडकन उघडले. चिमटा आपोआप बशीवर गेला.

“सूयुन्चू! सूयुन्चू!” कुलीपा एजे ओरडत होती. प्रयोगशाळेतली सगळ्यांत जुनी तपासनीस, सगळ्यांची एजे म्हणजे ताई, बावन्न वर्षांची, गोल, आणि कायम घाईत. तिचे दोन्ही तळहात पुढे पसरलेले होते. “चल, काढ काहीतरी! आनंदाची बातमी आणलीय मी, फुकट नाही सांगणार!”

“आधी सांग तरी, एजे.”

“वा! आधी सांगू? तुझ्या आईनं हेच शिकवलं का? आधी सूयुन्चू, मग बातमी. दे!”

बेगिमायने बशी बाजूला सरकवली. बातमी एकच असू शकत होती. तळघरातला बॉयलर गेला आठवडाभर खोकत होता, तो बदलायचा तर इमारत पंधरा दिवस बंद ठेवावी लागेल, आणि पगार चालू राहील, असे मंगळवारपासून सगळे कुजबुजत होते. पंधरा दिवस! रविवार धरून. त्यात तीन-तीन तासांचे तुकडे नाहीत, सलग, अख्खे, ताग्यासारखे पंधरा दिवस. ती उठली, खिडकीकडे गेली, तिथली लोकरीची उशी उचलली. पाच वर्षांपूर्वी नारिनच्या बाजारात घेतलेली, मेंढीच्या कातडीची, तिच्या बसण्याने मधोमध बरोबर तिच्याच मापाची झालेली उशी. तिने ती कुलीपाच्या हातांवर ठेवली. घरी बसायचे तर घरी दुसरी आहेच.

“अगं बाई,” कुलीपा थबकली. “उशी? मी म्हटलं चॉकलेट-बिकलेट देशील. खरंच?”

“खरंच. आता बोल.”

“प्रमुख!” कुलीपाने तिला उशीसकट मिठी मारली. “सातार अगाय नवीन वर्षाला निवृत्त होतायत, आणि त्यांनी तुझं नाव कळवलं, आणि बिश्केकच्या मुख्य कचेरीनं होय म्हटलं! सत्ताविसाव्या वर्षी प्रयोगशाळेची प्रमुख! फक्त तुझा होकार हवाय, पाच वाजायच्या आत, म्हणजे ते तिकडे कळवतील. आता हे पद ‘धुवायची’ मेजवानी कधी घालतेस? मेंढा पाहिजे हं, कोंबडीवर भागवायचं नाही.”

बेगिमाय हसत होती. मिठीत आपला चेहरा काय करतो आहे याची तिला खात्री नव्हती, म्हणून तिने हसणेच चालू ठेवले.

“एजे... मी अजून होय म्हटलेलं नाही.”

“नाही कसं? सूयुन्चू दिलंस की!” कुलीपाने उशी हलवून दाखवली, जशी कोणी सहीची प्रत दाखवते. “वाईट बातमीला कोणी सूयुन्चू देतं का? आणि तेही असं! इतकं मोठं कोणी मला आजवर दिलं नव्हतं, भाच्याला मुलगा झाला तेव्हासुद्धा रुमालच मिळाला.”

आणि ती पलीकडच्या खोलीत सांगायला धावली.

तेव्हा आता मांडणी अशी होती — बेगिमायने बशीकडे पाहत मनातल्या मनात मांडली. प्रमुख झाले तर दोन ते पाच जाणार. सातार अगायच्या, म्हणजे सातार सरांच्या, दारासमोर दुपारी शेतकरी उभे असतात, त्यांना बियाणे का नाकारले ते समजावून सांगावे लागते, अहवाल असतात, फोन असतात, वसंतात गोदामे तपासायला जावे लागते. नाही म्हटले तर... नाही म्हणायला कारण द्यावे लागते. आणि खरे कारण आजवर तिने कोणाला सांगितले नव्हते. ते असे मोठ्याने म्हणण्याजोगे वाक्यच नव्हते. लोक चोरी कबूल करतात, दारू कबूल करतात...

फोन थरथरला. पडद्यावर ‘आपा’, तिची आई.

“माझी प्रमुख!” आपा ओरडली. मागे तेलात कणकेचे तुकडे तडतडत होते. “कुलीपानं सांगितलं. मी बोरसोक तळायला घेतलेत, शेजारच्या दोन्ही घरांत देऊन झाले, तिसऱ्यात चाललेय.”

“आपा, थांब. मी समजा नाही म्हटलं तर?”

तडतड कमी झाली, आपाने आच बारीक केली होती.

“का? तब्येत बरी नाही?”

“तब्येत ठीक आहे. नुसतंच. मला... फार काम नको.”

“असं म्हण की!” आपाचा स्वर एकदम उजळला. “मग लग्न कर. घरी बस. तो पशुवैद्य अजून विचारतोय.”

“घरी बस म्हणजे? वहिनी कुठे बसते? पाचला उठून अंगण झाडते, समोवार पेटवते, सासऱ्यांच्या पायांपासून वासराच्या पायांपर्यंत सगळं तीच बघते. काल रात्री मी तिला बसलेलं पाहिलं ते बटाटे सोलताना.”

“ते काय काम आहे का? ते घर आहे.” आणि मग जरा हळू, “बेगिश, तुला नक्की काय पाहिजे?”

तिला उत्तर माहीत होते. एक खिडकी आणि बाहेर काहीतरी. पण हे आईला, कढईसमोर उभ्या असलेल्या, पहाटेपासून एकदाही न बसलेल्या आईला कसे सांगायचे? “बोरसोक करपतील,” ती म्हणाली. आपा हसली, “तुझ्या शत्रूचे करपोत,” आणि फोन ठेवला.

दोन वाजले. खिडकी होती, उशी नव्हती. फळी थंड आणि कठीण होती. बेगिमायने बसून पाहिले, पण आज पॉप्लर दिसत नव्हते, म्हणजे दिसत होते, पण प्रत्येक झाड जणू विचारत होते, मग काय ठरलं? पलीकडून कुलीपाचा आवाज येत होता, मेंढा किती किलोचा, कोणाकोणाला बोलवायचे. साडेतीनपर्यंत तिने नाही म्हणण्याची सहा कारणे तयार केली. आईची प्रकृती, पुढचे शिक्षण, अनुभव कमी... सहाही खोटी, आणि खोटे टिकवायलाही काम पडते, हे तिच्या लक्षात आल्यावर तिला एकटीलाच हसू आले. खरे सांगितले तर निदान एकदाच सांगावे लागेल.

चारला ती सातार अगायच्या खोलीत गेली. ते टेबलाशी होते, उंच, वाकलेले, पांढऱ्या भुवयांचे. तिच्या हातातून चिमटा घेऊन त्यांनी तो टेबलावर ठेवला. ती तो धरूनच आली होती.

“बोला, प्रमुखसाहेब.”

“अगाय, मला काम करायला आवडत नाही.”

त्यांनी भुवया वर केल्या. “कुठलं काम?”

“कुठलंच.”

“बियांचं?”

“तेही.”

“शेतातलं?”

“नाही.”

“घरातलं?”

“ते तर मुळीच नाही.”

“वरच्या कुरणात, घोड्या दोहायचं? ते तर सगळ्यांना...”

“दर दोन तासांनी, अगाय!”

सातार अगाय हसायला लागले. आधी आवाज न करता, मग इतके की त्यांना चष्मा काढावा लागला. ती लाल होऊन उभी होती. हसून झाल्यावर त्यांनी उठून दार लावले, आणि परत येऊन जरा पुढे झुकून म्हणाले, “माझ्या बायकोला सांगू नकोस. मलाही नाही.”

“तुम्हाला?”

“छत्तीस वर्षं. एक दिवससुद्धा नाही. मला वाटायचं, या जिल्ह्यात मी एकटाच.”

ती खुर्चीत बसली. विचारायचे ते एकच होते, आणि ते तिने एखाद्या जुन्या रुग्णाला नवा रुग्ण विचारतो तसे विचारले, “मग ते... जातं का कधी?”

“नाही,” ते आनंदाने म्हणाले. “अजिबात नाही.”

“तरी तुम्ही छत्तीस वर्षं अचूक मोजलंत.”

“ज्याला काम आवडतं तो मोजणीत जीव घालतो. माझ्या आधी होते ते फार उत्साही. चांगलं बियाणं पास व्हावं म्हणून इतके तळमळायचे की टणक दाणा टोचून बघायचे, अंकुरतोय का. मला काय, नऊ तर नऊ. तुझेही आकडे तसेच येतात. म्हणून तुझं नाव दिलं.” मग त्यांनी खरे तेही सांगून टाकले. “तुझे दुपारचे तीन तास मात्र जातील. पाऊण तास उरेल, तोही चोरून.”

म्हणजे त्यांना माहीत होते. चार वर्षे. चिमट्यासकट.

“मग नाही म्हणते मी.”

“म्हण. मग बिश्केकला कुलीपाचं नाव जाईल.”

दोघांनी एकदम बंद दाराकडे पाहिले. पलीकडे कुलीपा कोणाला तरी सांगत होती की मेंढ्यासाठी पातेले तिच्याकडे आहे, ते आज संध्याकाळीच घासून ठेवते, आणि जमलेच तर जुन्या नोंदींचे कपाटही उद्या आवरून टाकू, सगळ्यांनी मिळून, दुपारी कोणाला काय काम असते!

“पाचला कळवायचंय,” सातार अगाय म्हणाले. होकाराचा कागद दोघांच्या मध्ये होता. त्याखाली जिथे तिची सही यायची तिथे फक्त एक रेघ होती. त्यांनी त्याकडे बोट केले नाही, घाई केली नाही. त्यांनी खुर्ची जराशी वळवली, खिडकीकडे, आणि तिनेही वळवली. बाहेर उन्हाची तिरीप पत्र्यांवरून उतरत होती, एक म्हातारा सायकलला सफरचंदांच्या दोन पेट्या बांधत होता, सुटत होत्या, पुन्हा बांधत होता. होय की नाही हा प्रश्न खोलीतच होता, पण एखाद्या पाहुण्यासारखा, त्याला चहा दिला की तो आपला बसून राहतो... बराच वेळ गेल्यावर तिच्या ध्यानात आले की समोर माणूस बसलेला आहे, आणि आपले दोन्ही हात मांडीवर, उघडे, रिकामे आहेत.

तिने घड्याळ पाहिले. खुर्ची वळवली तेव्हा चार वाजून एकवीस मिनिटे झाली होती. आता चार बेचाळीस.

एकवीस मिनिटे, आणि एकही चोरलेले नाही.