गाजराची सोयरीक

"वावरात गाजर लावायचं? डोकं ठिकाणावर हाय का तुझं?" खंडेरावाचा आवाज बांध ओलांडून आमच्या ओट्यापर्यंत आला. "लोक हसतील मला. म्हणतील, खंडेरावाला कांदा परवडंना, गाजराची पुंगी वाजवत बसलाय."

"एकच वाफा मागती मी. कोपऱ्यातला," त्याची बायको बयाबाई म्हणाली.

"कोपऱ्यातला बी नाय. वाजली तर वाजली, न्हाईतर मोडून खाल्ली, आसला खेळ मला जमत नाय. परसात लाव काय लावायचं ते."

संपलं. आमच्या गावात कांद्यापुढे कुणाचं काही चालत नाही. लासलगाव एवढं जवळ, की तिथल्या बाजारात भाव पडला की इथं घरोघरी चुलीपुढं तोंडं पडतात. बांधापासून बांधापर्यंत सगळा कांदाच. मी आपला बैलांसाठी एका पट्ट्यात लाल गाजर लावतो, तर मलाच लोक 'गाजरवाला वाल्मीक' म्हणतात. मग बाईमाणसाचं कोण ऐकणार?

पण बयाबाईचं प्रकरण खेळाचं नव्हतं. तिचं माहेर नांदगावकडचं, कोरड्या रानातलं. तिची आई तिकडं काळं गाजर लावायची. काळं म्हणजे जांभळासारखं. खाल्लं की जीभ रंगायची आणि हाताचा रंग दोन दिवस धुतला तरी निघायचा नाही. आई गेली. भावांनी तो तुकडा नांगरून डाळिंब लावलं. बयाबाई दिवसकार्याला गेली तेव्हा आईच्या गाडग्यातलं उरलेलं बी पदराच्या गाठीला बांधून घेऊन आली. बी जुनं, बरंचसं किडलेलं. परसात पेरलं तर मूठभर पेरल्याची दोनच गाजरं धरली. तीही बारीक आणि फाटे फुटलेली, म्हाताऱ्याच्या पायासारखी.

ती दोन गाजरं घेऊन ती माझ्याकडं आली. डोळ्यांत पाणी नव्हतं, पण बाई थकलेली दिसत होती. दिवसभर दुसऱ्याच्या कांद्यात लागण करून आली होती.

"वाल्मीकभाऊ, हे लय अशक्त झालंय. आता एकट्यानं जगायचं नाय. तुमचं लाल गाजर द्या मला, चांगलं जोमाचं, पाल्यासगट. आई म्हणायची, बी म्हातारं झालं की त्याला सोयरीक बघावी."

"आन् मग काळं ऱ्हाईल का ते?"

"नाय ऱ्हायलं तर नाय. रंग गेला तरी चालंल. आईचं काहीतरी जित्तं ऱ्हायलं पायजे, एवढंच."

मी पट्ट्यातली चांगली गाजरं उपटून दिली. तिनं खालचं टोक कापलं, वरचा पाल्याचा शेंडा राखला, आणि मोरीच्या पाण्यावर लाल-काळं एकमेकांशेजारी रोवून टाकलं. पलीकडच्याच वाफ्यात घरच्यापुरता कांदा होता. गाजर असं पुन्हा रोवलं की ते जमिनीत मुळासाठी नाही, फुलासाठी वाढतं. थंडी सरता सरता दांडे कमरेला आले आणि वर पांढऱ्या फुलांच्या छत्र्या उघडल्या.

बयाबाईनं हळदीत बुडवलेली लुगड्याची चिंधी घेतली आणि लाल गाजराचा दांडा काळ्याच्या दांड्याला सैलसर बांधला, फुलाला फूल लागेल असा. सकाळी कामाला जायच्या आधी ती छत्रीवर छत्री हलकेच घासायची. मी बांधावरून ओरडायचो, "वहिनी, मांडव कधी हाय?"

"तुम्ही मामा हाय मुलीकडचे," ती म्हणायची. "आहेर घेऊन या."

एवढंच काय ते तिचं हसणं. बाकी दिवस सगळा कांद्याचा. लाईट कधी येईल त्याचा नेम नाही, त्यामुळं पाणी कधी भरायचं त्याचाही नाही. घरात सासू, कुसाबाई. तिच्या डोळ्यांवर मोतीबिंदू आलेला. उजेड-अंधार तेवढा कळायचा. पण हात मोठे कामसू. कुसाबाईचे हात अख्ख्या शिवारात नावाजलेले होते ते डेंगळे मोडण्यासाठी. डेंगळा म्हणजे कांद्याला फुटणारा फुलाचा दांडा. तो राहिला की कांदा आतून पोकळ होतो, म्हणून दिसला की मोडायचा. आमच्याकडच्या बाईला हे शिकवावं लागत नाही. वावरातून सहज चालत गेली तरी बोलता बोलता हात जातो आणि कट् करून दांडा मोडतो. कुसाबाईचा तर जन्म त्यात गेलेला.

चैत्र लागला. गाजराच्या छत्र्या मिटून आत वळल्या होत्या, चिमणीच्या घरट्यासारख्या, आणि बी तांबूस व्हायला लागलं होतं. आठवडाभरात काढायचं, असं बयाबाई म्हणत होती. तेव्हाच कांद्याची काढणी आली. ती पहाटे जायची, विळ्यानं कांद्याची मान कापत दिवसभर उन्हात बसायची, आणि दिवेलागणीला कंबरेवर हात ठेवून परत यायची.

त्या दिवशी ती आली तेव्हा मी त्यांच्या ओट्यावर खंडेरावाची वाट बघत बसलो होतो. कुसाबाई दारातच बसलेली. तोंडावर खुशी.

"आली का गं? बस, पानी पी. तुझं एक काम उरकलं म्या आज."

"कोनतं, आत्याबाई?"

"मोरीकडं गेले तं हाताला डेंगळेच डेंगळे. घरचा कांदा हाय म्हनून काय आसा सोडायचा आसतो? पोकळ झाला आसता ना गं. समदे मोडून टाकले. एक ठिवला नाय."

बयाबाई जाग्यावर उभी राहिली. पाण्याचा तांब्या तिच्या हातात होता, तो तिनं खाली ठेवला. परसात गेली. मीही गेलो. कांद्याचे डेंगळे मोडले होते, ते मोडायचेच होते. पण त्याला लागून गाजराचे सगळे दांडे, लाल नाही की काळा नाही, गुडघ्यापाशी मोडलेले. हळदीची चिंधीही जाग्यावर नव्हती.

ती खाली बसली. मला वाटलं आता ओरडेल, कपाळ बडवून घेईल. पण थकलेल्या माणसाला राग करायलाही ताकद लागते. ती उठून आत आली आणि सासूला म्हणाली, "बरं केलं, आत्याबाई."

मला ते सहन झालं नाही. माझी जीभ काही माझ्या ताब्यात नसते. "काय बरं केलं? म्हातारे, कांदं नव्हतं ते! तिचं गाजर व्हतं. तिच्या आईचं."

कुसाबाईचा चेहरा उतरला. तिनं आपले दोन्ही हात वर करून डोळ्यांपुढं धरले, जणू ते कुणा परक्याचे होते. "आन् मला हाताला कसं कळलं नाय?" ती म्हणाली. "दांडा जाड लागला, म्हनलं जून डेंगळा आसंल. बये, म्या टाकले गं उकिरड्यावर."

आम्ही कंदील घेऊन उकिरडा चाळला. सांजच्याला वर शेणाची पाटी पडली होती, कोंबड्यांनी उकरून ठेवलं होतं. नुसते दांडे सापडले. बी काही हाताला लागलं नाही. कुसाबाई त्या दिवशी जेवली नाही, आणि बयाबाईनं आग्रह करून तिला दोन घास चारले, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. अशी बाई मी दुसरी पाहिली नाही.

विषय मिटला. पाऊस झाला, दिवाळी झाली. खंडेरावानं उकिरडा उपसून खत वावरात पसरलं आणि वर उन्हाळ कांद्याची लागण केली.

पौषात निंदणीला बाया लागल्या आणि खंडेराव मला हाका मारत सुटला. "वाल्मीक! आरं, कांद्यात कोथिंबीर कुढून आली?"

जाऊन बघतो तर वाफ्या-वाफ्यांत बारीक झालरीचा पाला. कांदा हातात हात धरून उभा आणि मधून मधून ही हिरवी झालर. बयाबाई वाफ्यात बसली होती. तिनं एक रोप उपटलं, पदराला पुसलं, नखानं खरवडलं. वर तांबडं, आत जांभळ्या रेघा. दुसरं उपटलं, ते काळं, आतून पिवळसर.

"गाजर हाय हे," ती म्हणाली.

"मंग काढ की! कांद्याची जागा खातंय ते," खंडेराव म्हणाला. "एक वाफा दिला नाय तर हिनं सगळं वावर धरलं, बघ वाल्मीक!"

हसू की रडू असं झालं मला. तिनं मागितला एक वाफा, उकिरड्याच्या खतातून मिळालं अख्खं वावर. आणि ते तिनंच खुरप्यानं निंदून काढायचं. ती काढायला लागली. खुरपं घालायचं, उपटायचं, मागं टाकायचं. शेजारच्या बाया गप्पा मारत होत्या, ही मान वर करत नव्हती. माझ्यानं ते बघवेना.

खंडेराव मात्र बघत उभा होता. त्यानं मागं पडलेलं एक जाडसं गाजर उचललं, पाटाच्या पाण्यात धुतलं आणि सवयीनं तोंडात टाकलं. चावता चावता थांबला. जीभ बाहेर काढून बोटानं पुसली, बोट जांभळं.

"बये," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज एकदम खाली आला. "लगीन झाल्यावर पयल्यांदा तुमच्याकडं आलो, तवा तुझ्या आईनं आसंच गाजर दिलं व्हतं. म्या पांढरा सदरा घालून आल्तो. समदा रंगला."

"व्हय," ती म्हणाली. "आई हसली व्हती."

त्यानं बोट पाटाच्या पाण्यात चोळलं. मग म्हणाला, "वाफ्यातली काढ. वरंब्यावरची ऱ्हाऊ दी. तिथं काय कांदा नाय."

माघ सरताना वरंब्यावर छत्र्या उघडल्या, आणि त्याच दिवसांत कांद्यात डेंगळे मोडायला बाया आल्या. बघतो तर कुसाबाई वावराच्या तोंडाशी काठी घेऊन बसलेली. कुणी धरून आणलं होतं कोण जाणे.

"ए पोरींनो, ऐका! हाताला कांद्याचा गोंडा लागला तं मोडा. छत्री लागली तं हात काढून घ्या. माझं ऐकलं नाय तं काठी हाय."

बाया हसल्या. बयाबाई वरंब्यावर वाकली होती. एक लाल दांडा एका काळपट दांड्याजवळ ओढून धरला होता आणि दुसऱ्या हातानं बांधायला काही सापडतंय का ते बघत होती. पदर फाडावा तर तो आधीच फाटका.

"काय शोधती गं?" म्हातारीनं विचारलं. डोळे नसले तरी तिला सगळं कळतं.

"काय नाय, आत्याबाई. चिंधी."

कुसाबाईनं कनवटीची चंची काढली. सुपारीच्या खांडांखालून घडी घातलेली हळदीची चिंधी काढली आणि हवेत धरली.

"डेंगळे मोडले तवा सोडून ठिवली व्हती," ती म्हणाली. "चांगला कपडा हाय, म्हनलं, लागंल कवातरी."