झेंड्यांचे लंगोट

सरकार कुणाचंही येवो, हानेचं बूड कोरडं राहिलं पाहिजे, एवढंच ओटीली लिंडनरचं राजकारण होतं.

तिच्या सहा महिन्यांच्या लेकीच्या, हानेच्या मांड्यांवर लालभडक पुरळ उठलं होतं. ओटीली दर घटकेला ते उघडून बघायची आणि दर वेळी तिला ते वाढल्यासारखंच वाटायचं. "ओलं लागू देऊ नका बाई, सारखा कोरडा लंगोट घाला," डॉक्टर म्हणाले. सांगायला त्यांचं काय जातं! १९२३ सालच्या त्या हिवाळ्याच्या तोंडाशी बर्लिनमध्ये कापडाचा भाव विचारून, पैसे आणायला घरी जाऊन परत यावं, तर तेवढ्या पैशांत रुमालसुद्धा येत नसे.

शेवटी तिने ट्रंक उघडली. आत तीन झेंडे होते. तिचा नवरा आल्विन ट्राम चालवायचा, आणि भलताच सावध गडी होता. कैसर बादशहाच्या वेळचा काळा-पांढरा-लाल, प्रजासत्ताकाचा काळा-लाल-सोनेरी, आणि एक कम्युनिस्टांचा, नुसताच लाल. गल्लीत ज्यांची मिरवणूक येईल त्यांचा खिडकीत लावायचा, म्हणजे काचा शाबूत राहतात.

"अगं, उद्या कुणी सत्ता घेतली तर खिडकीत काय लावू?" आल्विन हबकला.

"मला लाव," म्हणत ओटीलीने कात्री चालवली.

त्यांच्या चाळीत धुण्याची खोली एकच. प्रत्येक घराचा धुण्याचा वार महिन्यातून एकदा यायचा. आपला वार आल्यावर ओटीलीने घाईघाईत सगळे लंगोट एकाच हंड्यात उकळले. पांढरे होते ते गुलाबी होऊन निघाले. माळ्यावर वाळत घालावेत तर माळा गळका; येणाऱ्या भाड्यात कौलसुद्धा येत नाही, असं मालकाचं म्हणणं. मग हाती येतील तसे तिने ते अंगणातल्या दोरीवर टाकले.

पहिल्या मजल्यावरची खिडकी खाडकन उघडली. "शाबास, लिंडनरबाई!" निवृत्त मेजर फॉन ट्रेब्निट्झ ताठ उभे होते. "काळा, पांढरा... थांबा. तो गुलाबी का?"

"उकळला, मेजरसाहेब."

"कैसरचा झेंडा उकळलात?"

"त्याच्या पलीकडे बघा ना," दुसऱ्या मजल्यावरून ओएल्के मास्तर ओरडले. "काळा, लाल, सोनेरी! प्रजासत्ताकाचा अपमान! आल्विनच्या चड्डीशेजारी!"

चौथ्या मजल्यावरचा लोहार रूडाट तर धडधडत खालीच आला. "लाल बावटा पोरीच्या बुडाला बांधता, वहिनी?"

"तिचं बूडही लालच आहे, भाऊ. मॅच होतंय."

बघता बघता तिघं अंगणात जमले. ओटीलीने हानेला काखेत घेऊन लंगोट पुन्हा पुन्हा अदलून टांगले. सोनेरी पुढे घेतला की मेजर फुरफुरत, काळ्याशेजारी गुलाबी आला की मास्तर. एवढ्यात चाळीची राखणदारीण क्नोपबाई झाडू घेऊन आली. "दोरीवर राजकारण चालायचं नाही! काढा सगळं. आत्ताच्या आत्ता!"

घरात कोळशाचा खडा नव्हता, पुढचा वार महिन्याने, आणि हाने भिजल्या लंगोटात किंचाळत होती. ओटीलीने तिघांकडे पाहिलं, आणि सावकाश एक चिमटा काढला.

"काढते. घरात ओलाच गठ्ठा करून ठेवते. सकाळपर्यंत बुरशी धरेल, त्याला मी काय करणार? कैसरच्या झेंड्यालाही धरेल आणि मास्तरांच्याही."

तिघंही दोरीपाशी सरकले.

"बुरशी?" मेजर खाकरले. "माझी शेगडी पेटती आहे. आमचा झेंडा मी वाळवीन."

"पेटती असणारच. तळघरात कोळसा दडवलाय ना!" रूडाट म्हणाला. "आमचा मी वाळवतो."

"आणि लाकूड कुठून आणलंस रे?" मास्तरांनी विचारलं. "बागेचं कुंपण गायब आहे म्हणतात."

"कुंपण सगळ्या जनतेचं असतं, मास्तर. तुम्ही शिकवत नाही वाटतं?"

काळ्यावरून मेजर आणि मास्तरांची ओढाताण झाली. लाल तर तिघांनाही हवा होता. उकळल्यावर कुठला लाल कुणाचा, हे खुद्द ओटीलीलाच ओळखू येत नव्हतं. पण ती चेहरा गंभीर ठेवून एकेक निवडून देत होती. "हा तुमचा, मेजरसाहेब. बघा, कसा घरंदाज लाल आहे!"

गुलाबी मात्र कुणी घेईना. "असला रंग आमच्यात नाही," मेजर म्हणाले. "हा धड लाल नाही, धड पांढरा नाही. मास्तरांना द्या," रूडाट म्हणाला. मास्तर रागावून जिना चढून गेले. गुलाबी ओटीलीने आपल्याच पोटाशी झग्याखाली बांधून वाळवले.

संध्याकाळी लंगोट परत आले. मास्तरांनी टोकाला टोक जुळवून घड्या घातल्या होत्या. रूडाटने वाळवलेल्यांना धुराचा वास होता, पण ते ऊनऊन होते. मेजरांनी तर कांजी घालून इस्त्री केली होती. ते लंगोट जमिनीवर उभे राहत. ओटीलीला ते चुरगाळून मऊ करत बसावं लागलं.

"वहिनी, पुन्हा वार कधी?" रूडाटने दारातून हळूच विचारलं. "म्हणजे शेगडी पेटवून ठेवायला."

चार दिवसांनी आल्विन धापा टाकत घरी आला. "सरकार पडलं म्हणे! कुणाचं येणार ते कळत नाही. आणि इकडेच मिरवणूक येतेय. खिडकीत काय लावू?"

हाने टेबलावर पाय नाचवत पडली होती. ओटीलीने मांड्या निरखून पाहिल्या. पुन्हा पाहिल्या, उजेडाकडे वळवून. पुरळ मावळलं होतं.

"हा लाव," म्हणत तिने नुकताच भिजलेला गुलाबी लंगोट त्याच्या हातात दिला.

मिरवणूक खिडकीखाली थांबली. सगळे माना वर करून बघत राहिले. हे आपले की परके, यावर पुढच्या रांगेत बराच वाद झाला. एकाने उचललेला दगड दुसऱ्याने खाली ठेवायला लावला. मग आपसात भांडतच ते पुढे गेले.

"काच वाचली गं," आल्विन म्हणाला.

"मग तो आत घे," ओटीली म्हणाली, "आणि एक कोरडा दे. कुठलाही चालेल."