शिवेबाहेरची गोधडी

"काकूचं चित्र लावलंय, या," असं पुतणीनं फोनवर सांगितलं, म्हणून त्रिंबक जालन्याला आला होता. प्रदर्शनाच्या हॉलात शिरताच ओळखीचा वास आला. समोर भिंतीवर चित्र नव्हतं. त्याच्या गेलेल्या बायकोची, साखराबाईची गोधडी टांगलेली होती.

मेलेल्या माणसाचं अंथरूण शिवेबाहेर टाकायचं आणि वळून पाहायचं नाही, ही त्यांच्या घराण्याची रीत. त्रिंबकनं स्वतः ही गोधडी ओढ्यापाशी बाभळीखाली टाकली होती. तेराव्याला आलेली ही पुतणी, अर्पिता, ती उचलून नेईल, हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. अर्पिता चित्रकार. माणसाचं शरीर आणि दुःख हा तिचा विषय.

पुवाचे, औषधाचे, लघवीचे डाग तसेच होते. प्रत्येक डागाला तिनं लाल दोऱ्यानं कड घातली होती. सगळे मिळून कुशीवर निजलेली बाई दिसे. दोन बाया चहा पीत, मान वाकडी करून तिच्याकडं पाहत होत्या.

"किती जिवंत वाटतं ना!"

 त्रिंबकनं तोंडाला उपरणं लावलं.

"अर्पे, काढ ते."

"काका, काकूनं काय सोसलं ते कळू द्या की लोकांना."

"डॉक्टरपुढं पदर सारायला लाजायची ती. अन् तू तिचं मूत भिंतीला लावून राह्यली?"

"तुम्हीच तर टाकून दिल्ती!"

"मातीला दिल्ती. चहा पिणाऱ्यांना न्हाई."

त्यानं खुर्चीवर चढून गोधडी ओढली. अर्पिता रडली, पण आडवी आली नाही.

भोकरदनला गाडी बदलताना त्यानं कंडक्टरला सांगितलं, "गावाअलीकडं, बाभळीपाशी उतरीन." टाकलेली वस्तू घरात न्यायची नव्हती. मागच्या सीटवर बसून तो दातानं लाल दोरा उसवू लागला. तोंड कडू झालं. दोरा निघाला तसे खाली साखराबाईचे टाके दिसू लागले, चष्म्याशिवाय घातलेले, वाकडेतिकडे.

शेजारच्या बाईनं नाकाला पदर लावला. "बाबा, कशाचा घाण वास येऊन राह्यला वो?"

"माझ्या बायकोचा."

बाई झटकन उठून पुढं गेली. त्रिंबकला त्या पदराची, त्या नाकाची किळस आली. तिच्या रिकाम्या जागेवर त्यानं गोधडी नीट घडी करून ठेवली.

बाभळीपाशी गाडी थांबली.

"उतरा, बाबा."

"न्हाई," त्रिंबक म्हणाला. "आमी गावात उतरतो."