सकाळची सुई

मुलीने साखरपाण्याचा दुसरा ग्लास वडिलांच्या ओठांना लावला आणि मोबाइलवर त्यांच्या साखरेचा आकडा पाहिला. एकसष्ट. बाण अजून खालीच होता.

"मशीनने इन्सुलिन कधीच थांबवलंय," ती म्हणाली. "मग साखर उतरतेय कशी?"

वडील बाइंडिंगच्या टेबलाशी बसले होते. पुढ्यात अर्धी शिवलेली वही, शर्ट घामाने पाठीला चिकटलेला. पोटावरचं ते डबीएवढं यंत्र चारच दिवसांपूर्वी मुलीने हट्टाने लावून घेतलं होतं. साखर मोजायची, लागेल तेवढं इन्सुलिन सोडायचं, सगळं तेच बघणार होतं. बरं चाललेल्या घरात आपणच हे विकतचं दुखणं आणलं, असं आता तिला वाटत होतं.

तिने दवाखान्यातल्या नर्सला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला.

"वरून सुई दिलीय का कुणी?" नर्सने विचारलं.

"छे, सुया बंद केल्यात."

"त्यांना विचारा. दिली असेल तर साखर अजून दोन-तीन तास उतरत राहील. मग घरी बसून चालणार नाही."

"नाही दिली," वडील घाईने म्हणाले. जीभ जड झाली होती. "मशीनच बिघडलंय. काढून टाक ते."

आई दारात कोरडाच टॉवेल पिळत उभी होती. वडिलांनी तिच्याकडे पाहून मान किंचित हलवली. गप्प राहा.

पंचावन्न.

"मी दिली," आई म्हणाली. "अठरा युनिट. बारा वर्षांची सवय, हात आपोआप फ्रिजकडे गेला. मी विसरले, पण हे तर शुद्धीवर होते ना! शर्ट वर करून मुकाट बसले."

"लगेच निघा," नर्स म्हणाली. "वाटेत साखर देत राहा."

मुलीने गाडीची किल्ली उचलली. तिला रडू आवरत नव्हतं.

"बाबा, नाही म्हणायला काय झालं होतं तुम्हाला?"

वडिलांनी टेबलाला धरून उठायचा प्रयत्न केला.

"मशीन लागल्यापासून ही सकाळची माझ्याजवळ बसलीच नव्हती," ते म्हणाले. "आज बसली."

आईने चमचाभर साखर त्यांच्या तोंडात घातली आणि त्यांचा हात आपल्या खांद्यावर घेतला.

"बोलू नका," ती म्हणाली. "तोंडातलं गिळा आधी."