आठवं वळण

मी सायकल बोलतेय. आधी तक्रार ऐकून घ्या, मग बाकीचं. माझं कोणी ऐकलं नाही. झाडून सगळ्या बंदराने मला दोषी ठरवलं आणि माझ्याबरोबर माझ्या मालकिणीलाही. ब्रेक लागले नाहीत म्हणे. अहो, लागायला आधी ते दाबावे लागतात. ते दाबलेच नव्हते. मला पक्कं ठाऊक होतं, पण सायकलीची साक्ष घेतो कोण?

तुम्ही म्हणाल, लोखंडाला एवढा कसला राग. तर सांगते.

माझा जन्म कारखान्यातला. त्यातलं फार आठवत नाही. रंगाचा वास आणि माझ्यासारख्याच ओळीने टांगलेल्या शेकडो जणी, एवढंच. तिथून पुठ्ठ्यात गुंडाळून बोटीने इथे आले. पहिला मालक टपाल वाटणारा. नऊ वर्षं त्याने मला डोंगरावर चढवलं आणि उतरवलं. निवृत्त झाला त्या दिवशी मला भिंतीला टेकवून घरात गेला तो गेलाच. मी दोन वर्षं तशीच. चाकं आहेत आणि रस्ता नाही, हे काय असतं ते तुम्हाला कळायचं नाही. समोरून कोणाचीही सायकल गेली की माझे आरे शिवशिवायचे. हवा गेली, चेन गंजली, सीटमध्ये कोणीतरी घरटं केलं. पण जायची ओढ काही गंजली नाही.

तिथून मला उचललं थोरलीने. घरातली थोरली सून म्हणून सगळे तिला थोरलीच म्हणतात. नवरा जहाजावर, वर्षातले आठ महिने पाण्यावर. ही चौथीपर्यंत शिकलेली, जीभ पान्यासारखी, एकदा धरलं की सोडत नाही. धक्क्याजवळच्या एका खोलीत ती पाहुण्यांना सायकली भाड्याने देते. माझी चेन तिने रॉकेलमध्ये भिजवली, ब्रेकची रबरं बदलली आणि म्हणाली, "चल गं, बसून खाल्लंस पुष्कळ."

पाहुणे येतात ते जुन्या रस्त्यासाठी. डोंगराखालून बोगदा झाला आणि सगळ्या मोटारी त्यात शिरल्या. वरचा रस्ता उरला तो बकऱ्यांना आणि आम्हाला. एका हाताला कडा, दुसऱ्या हाताला खोल खाली समुद्र. डांबराच्या भेगांतून गवत आलेलं. चढ दीड तासाचा, उतार वीस मिनिटांचा. लोक म्हणतात, किती शांत रस्ता. मला तिथे कधी शांत वाटलं नाही. एक वळण संपायच्या आत पुढचं बोलावतं, ते संपलं की त्याच्या पुढचं. मला थांबवायचं तर ब्रेक चांगलेच लागतात, आणि माझे चांगलेच होते.

या रस्त्याचं एक कार्ड असतं. पुठ्ठ्याचं, हँडलला दोऱ्याने बांधलेलं. कुठे उतरून चालायचं, पाणी कुठे मिळेल, ब्रेक कुठे धरायचे आणि कुठे सोडायचे, सगळं त्यावर. दर हंगामाच्या आधी थोरली मला घेऊन रस्ता फिरून येते आणि एकेक गोष्ट सांगते. लिहितात तिचे सासरे. रस्त्याच्या खात्यात मैलाचे दगड रंगवण्यात त्यांचा जन्म गेला, म्हणून बंदर त्यांना मैलमास्तर म्हणतं. घरात ते आप्पा. आता गुडघे गेलेत, वर जाणं सुटलंय, पण खुर्चीत डोळे मिटून सगळा रस्ता सांगतील. आणि आप्पांनी लिहिलेलं पुन्हा वाचून बघायचं नाही, असा त्या घरातला रिवाज. तपासणं म्हणजे तोंडावर अविश्वास. यंदाही थोरलीने सांगितलं, त्यांनी लिहिलं, ती पंक्चरकडे वळली.

मग आली ती परिचारिका. मोठ्या इस्पितळातली, सुट्टीवर. रोग्याच्या खाटेला टांगलेल्या कागदावर जे असेल ते करायचं, जास्त नाही, कमी नाही, ही तिची आयुष्यभराची सवय. बाकीचे पाहुणे कार्ड एकदा बघतात आणि विसरतात. हिने घाटमाथ्यावर थांबून ते दोनदा वाचलं. उतार सुरू झाला तशी मोठ्याने मोजायला लागली. सहा झाली. सात झाली. सातवं संपलं आणि तिने ब्रेकवरची बोटं काढली. का काढली, मला कळेना. मी चेन खडखडवली, मडगार्ड वाजवलं. तिला वाटलं असेल, जुनी सायकल, कुरकुरणारच. बोटं परत ब्रेकवर जायच्या आत समोर आठवं वळण आलं. कठड्याला माझं पुढचं चाक आधी लागलं, मग ती.

जबडा मोडला, उजवा हात मोडला. जबडा तारेने बांधला, त्यामुळे तिला बोलता येईना आणि लिहिताही येईना. मग काय, सगळं बंदर बोललं.

"बाईमाणसाने आवळलेले ब्रेक," बोटीचा तिकीटवाला म्हणाला. "दुसरं काय होणार?"

"तुझ्या बोटीचा भोंगा तीन महिने मुका आहे," थोरली म्हणाली. "त्याचं बघ आधी."

लोक हसले, पण तिकीटवाल्याचं वाक्यच पुढे गेलं. पाहुणे दुसरीकडे वळले. खोली बंदराच्या मालकीची, त्यामुळे बंदरावरचे साहेब आले. त्यांनी माझा पुढचा ब्रेक हलवून पाहिला. तो धडकेने वाकला होता. आधीपासूनच वाकडा होता की नाही, हे आता सांगायचं कोणी?

"बाई, सोमवारपर्यंत कारण आणि जबाबदार माणसाचं नाव द्या," साहेब म्हणाले. "नाहीतर मी ब्रेकची हयगय असं लिहीन. मग ही खोली तुमच्याकडे राहत नाही."

"हयगय केली नाही मी."

"तुम्ही म्हणता. पुरावा?"

तो माझ्यापाशी होता. माझा मागचा ब्रेक बघा म्हणावं, त्याला धडकेचा धक्काही लागला नव्हता. थोरलीने आवळला होता तसाच घट्ट होता, दाबला की चाक जागच्या जागी धरणारा. पण कोणी वाकून बघेना.

त्या संध्याकाळी थोरली माझ्यासमोर फरशीवर बसली. हातात पाना, पण चालवेना. "मी आवळले होते ना गं?" तिने विचारलं. बंदराने बोलून बोलून तिचाच तिच्यावरचा भरवसा घालवला होता. सांगते, कठड्यावर आपटले तेव्हा एवढं लागलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती इस्पितळात जाऊन आली. आली ती तडक माझ्याकडे. हातात ते कार्ड, कोपरा दुमडलेला, डाग पडलेला. परिचारिकेने ते उशाखाली ठेवलं होतं आणि डाव्या हाताने एका ओळीवर बोट ठेवलं होतं म्हणे. थोरलीने ती ओळ माझ्यापुढे अक्षर लावून वाचली. "सातवं वळण संपलं की ब्रेक सोडा. पुढे समुद्रापर्यंत सरळ उतार."

ती ओळ तिने बोट ठेवून परत वाचली. मग म्हणाली, "सात कुठून आले?"

त्या दिवशी तिने मला नवं चाक बसवलं, ब्रेक सरळ केला आणि सकाळी सासऱ्यांना म्हणाली, "आप्पा, कॅरियरवर बसा. वर जायचंय."

"माझे गुडघे."

"पेडल तुम्हाला मारायचं नाही. बसा."

चढावर तिने मला ढकललं, म्हातारा कॅरियरवर पाय लोंबकळवून बसलेला. मध्ये तीनदा दम खायला थांबली. माथ्यावर ती सीटवर बसली आणि म्हणाली, "आता मोजा." आप्पा डोळे मिटून मोजू लागले. प्रत्येक वळण यायच्या जरा आधी आकडा. खरंच एकही चुकला नाही.

"सात," ते म्हणाले. "आता सोड, थोरले."

तिने सोडला नाही. आम्ही सावकाश पुढे गेलो. आठवं वळण आलं, तिने ब्रेक दाबला आणि मी जागच्या जागी उभी राहिले. आप्पांनी डोळे उघडले. खाली उतरले, कठड्यापाशी गेले, नव्या दगडावरून हात फिरवला. माझा निळा रंग तिथे लागला होता. त्यावर त्यांचं बोट थांबलं.

"हे इथे कधी झालं?"

"दरड पडली ना गेल्या साली. खात्याने रस्ता आत वळवला. आप्पा, मी आठ म्हणाले होते."

"म्हणाली होतीस."

"मग?"

"मला वाटलं, दम लागून तुझी मोजणी चुकली." ते समुद्राकडे बघत होते. "या रस्त्याची वळणं मला दुसऱ्याने सांगायची, हे मनाला पटलं नाही. म्हणून माझं लिहिलं."

थोरली एरवी तोडून बोलली असती. मी वाट बघत होते. ती एवढंच म्हणाली, "बाईचा हात मोडला, आप्पा."

"मोडला." मग म्हणाले, "खाली चल."

वाटेत ती म्हणाली, "साहेबांना मी सांगीन, सात मीच सांगितले. माझ्या नावावर आधीच एवढं आहे, त्यात आणखी एक. तुम्हाला या वयात कशाला." मागे म्हाताऱ्याने कॅरियर घट्ट धरला. मला मात्र राग आला. वीस दिवस खोटा दोष वाहिला, आता आणखी एक खोटा दोष आपण होऊन डोक्यावर घ्यायचा? मी चेन उतरवली. तिने ती बसवली. मी परत उतरवली. "काय झालंय तुला आज?" ती म्हणाली. काय सांगणार.

आत्ता मी बंदराच्या कचेरीच्या खिडकीखाली उभी आहे. खिडकी उघडी आहे, आतलं सगळं ऐकू येतंय. माझा तोल धड नाही, पुढचं चाक सारखं रस्त्याकडे वळतंय. माझं आयुष्य अजून संपलेलं नाही आणि मला इथे उभं राहवत नाही. जायच्या आधी तुमच्याकडे एक मागणं आहे. जी आत्ताच रस्ता उतरून आली आहे, तिला विचारा. ती किती शिकली हे नंतर विचारा. आणि लिहिलेलं एकदा वाचून बघा, मग ते घरातल्या कितीही मोठ्या माणसाचं असो. त्यात कोणाचा अपमान नाही.

आत थोरली बोलतेय. "साहेब, चूक कार्डाची आहे. सांगताना मीच..."

"ती खोटं बोलतेय," आप्पांचा आवाज. "तिने आठ सांगितले. मी सात लिहिले. ब्रेक चांगले आहेत, मी त्यांच्या भरवशावर बसून आलोय."

खुर्ची सरकल्याचा आवाज. साहेब अडखळले. "आप्पा, हा कागद वर जातो. एकदा नाव पडलं की पुसता येत नाही. जन्मभर तुम्ही या रस्त्यावर..."

"म्हणूनच. लिहा."

"घरचं नाव लिहू की..."

"बंदर ज्या नावाने ओळखतं ते लिहा. त्याच नावावर लोकांनी कार्ड मानलं."

पेन कागदावर टेकल्याचं ऐकू आलं. मग साहेबांनी लिहिता लिहिता हळू आवाजात वाचलं, जबाबदार माणसाचं नाव, मैलमास्तर.