न हसणाऱ्या राक्षसाचा मुखवटा

मित्रांनो, मी एक जुना मुखवटा आहे आणि तोही साधासुधा नव्हे, राक्षसाचा! हॉलिवूडच्या एका स्टुडिओत माझा जन्म झाला. ऑटिली क्रांट्झ नावाच्या बाईंनी ऑगस्ट विनलो या नटाच्या चेहऱ्याचा साचा घेतला, त्यावर रबर ओतलं, भट्टीत भाजलं आणि मी झालो. त्यांनी माझ्या कपाळावर टाके घातले, पापण्या जड केल्या आणि शेवटी मला हिरवा रंग दिला. हिरवाच का? तर तेव्हाचे सिनेमे काळेपांढरे होते. त्या कॅमेऱ्यातून हिरवा चेहरा मढ्यासारखा पांढराफटक दिसायचा.

ऑगस्टने मला चढवलं की थिएटरात भल्याभल्यांची बोबडी वळायची. बायका पर्समागे तोंड लपवायच्या, पॉपकॉर्न भुईवर सांडायचं. एकदा तो मला न उतरवताच स्टुडिओच्या उपाहारगृहात जेवायला गेला, तर वाढणारीच्या हातून सूपच पडलं. मला छाती नाही, पण असती तर नक्की फुगली असती.

पुढे मात्र लोकांना आमची सवय झाली. भीतीचे सिनेमे चालेनात. मग हॅलोरन नावाच्या दिग्दर्शकाने एक विनोदी सिनेमा काढला. दोन वेंधळे शिंपी आणि त्यांच्या दुकानात शिरलेला राक्षस! स्टुडिओच्या मालकांनी बजावलं होतं, "हा पडला तर राक्षसांना कायमची सुट्टी." म्हणजे ऑगस्टलाही आणि मलाही.

ऑगस्टच्या मनाला ते फार लागलं. मला मांडीवर घेऊन तो ऑटिलीबाईंना म्हणाला, "इतकी वर्षं लोकांना घाबरवलं. आता या वयात माकडचेष्टा करू?"

"तू काहीएक करायचं नाहीस," बाई म्हणाल्या. "होतास तसाच भयंकर राहा. माकडचेष्टांना तो डिंकी आहे ना! तू खरा राक्षस वाटलास, तरच त्याची घाबरगुंडी खरी वाटेल. आणि खबरदार, हसलास तर!"

डिंकी म्हणजे धाकट्या शिंप्याचं काम करणारा विनोदी नट. गोलमटोल आणि भारी वात्रट.

नेमक्या बाई बहिणीकडे गेल्या असताना घोळ झाला. सेटवर वर्तमानपत्रवाले येणार होते. हॅलोरनने मला जवळून पाहिलं आणि नाक मुरडलं. "शी! केवढं शेवाळ चढलंय याच्यावर! पाहुण्यांना काय दाखवायचं?" त्याने भिंती रंगवणाऱ्याला बोलावून मला छान गुलाबी करून घेतलं. सगळे म्हणाले, "वा, काय तेज आलंय!" आणि त्याच तोंडाने शूटिंगही उरकलं.

दुसऱ्या दिवशी स्टुडिओच्या छोट्या थिएटरात सगळे ते पाहायला बसले. पडद्यावर राक्षस कसला, पोटभर जेवून निघालेला पाववाला दिसत होता! त्याला पाहून डिंकी किंचाळला, तर वाटलं, याचं डोकं फिरलंय. कुणी हसलं नाही. मालक उठले.

"राक्षस काढून टाका. शिंपी पुरेत."

ऑगस्टने मला घट्ट धरलं. तो पुढे होऊन म्हणाला, "मालक, एक संधी द्या. माझ्या हिरव्या तोंडाने."

बाई परतल्या आणि मला पाहताच ओरडल्या, "अगं बाई! हा राक्षस आहे की लग्नाचा नवरा?" हॅलोरन ओशाळून हसला. बाईंनी गुलाबी रंग खरवडला आणि पुन्हा माझा हिरवा चढवला. हायसं वाटलं हो मला!

मालकांसमोर शॉट लागला. डिंकीला वाटतं, दुकानात उभा आहे तो कपड्यांचा पुतळा. तो गाणं गुणगुणत ऑगस्टची मापं घेतो. छातीचं झालं, बाह्यांचं झालं. गळ्याचं घ्यायला स्टुलावर चढतो आणि आमची नजरानजर होते. ऑगस्टने सावकाश मान वळवली. डिंकीचं तोंड उघडंच राहिलं. पळायचं सोडून तो टेप तसाच धरून राहिला आणि म्हणाला,

"साहेब... खिसे किती ठेवू?"

सेटवर कुणी हसलं की आवाज टिपला जाणार आणि शॉट वाया जाणार. कॅमेरावाल्याने टोपी चावली. हॅलोरनने रुमाल तोंडात कोंबला. मालक तर पोट धरून बाहेर पळाले. आणि ऑगस्ट? दगडासारखा उभा!

पण मित्रांनो, त्या दिवशीची एक गोष्ट फक्त मला माहीत आहे. माझ्या आत ऑगस्ट हसत होता. त्याचे गाल गदगदत होते, डोळ्यांतलं पाणी नाकावरून ओघळत होतं. मी त्याला घट्ट आवळून धरलं. टाकाभरही हसू बाहेर पडू दिलं नाही. कॅमेऱ्याला फक्त राक्षस दिसला. सिनेमा धो धो चालला, आणि ऑगस्ट म्हातारा होईपर्यंत आम्ही दोघांनी जगाला हसवलं, स्वतः न हसता. याचा मला केवढा अभिमान आहे!

आता मी संग्रहालयात असतो. माझा रंग पोपडे धरून गळतो आहे. काल इथे काम करणारी एक मुलगी म्हणाली, "याला जरा रंगवू या, आत कागद भरून सुरकुत्या काढू या." मित्रांनो, मला उन्हापासून जपा, धूळ झटका, पण नटवू नका. आणि माझ्या डाव्या गालाच्या आत एक खोल सुरकुती आहे, तेवढी राहू द्या. ती ऑगस्टच्या हसण्याची आहे.